पिवळ्या फेजवरची खूण

मंगळवारी सकाळी नऊ वाजून सोळा मिनिटांनी ती धुलाई केंद्राच्या स्विच-खोलीत गुडघ्यांवर बसली होती आणि हनुवटीखाली टॉर्च धरून मीटरच्या पेटीवरचं सील वाचत होती.

"सतरा," ती म्हणाली.

"सतरा," मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरने वहीत लिहिता लिहिता म्हटलं. मग तो थांबला. "ताई, सतरा म्हणजे आपलाच पक्कड-नंबर."

"माझाच. लिही."

सील लावायच्या प्रत्येक पकडीच्या जबड्यात एक नंबर कोरलेला असतो आणि तो शिशाच्या गोळीवर उमटतो. सतरा नंबरची पक्कड गेली बावीस वर्षं तिच्याकडे आहे. पेटीवरची चारही सीलं तिचीच निघाली, चारही शाबूत. याचा अर्थ, शेवटची ही पेटी उघडली ती तिनेच, आणि त्यानंतर कुणीही नाही.

ती वीज खात्यात मीटर तपासनीस आहे. वय छप्पन्न, नोकरी एकोणतीस वर्षांची. विभागात तिला सगळे ताई म्हणतात, तिच्यापेक्षा मोठे असलेलेही. कामावर अंगावर धातू नको म्हणून घड्याळ शर्टाच्या खिशात ठेवते, आणि वेळ बघायची झाली की रुमाल काढावा तसं ते बाहेर काढते. मोठ्या ग्राहकांच्या मीटरवर एकट्याच्या सहीने 'जोडणी बरोबर' असं लिहायचा अधिकार विभागात पाच जणांना आहे. बायकांमध्ये तो पहिल्यांदा तिला मिळाला, त्याला आता अकरा वर्षं झाली.

मोठ्या ग्राहकाचा मीटर घरातल्यासारखा नसतो. चारशे अँपिअरचा प्रवाह मीटरमधून सरळ सोडला तर मीटर जळून जाईल. म्हणून तीन फेजच्या तीन जाड तांब्याच्या पट्ट्यांवर तीन कडी बसवतात, बांगडीत हात घालावा तशी. या कड्यांना सगळे सीटी म्हणतात. पट्टीतून चारशे वाहिले की कड्याच्या बारीक वायरीतून पाच येतात आणि मीटर ते पाच मोजून हिशेब करतो. प्रत्येक कड्यावर दिशेची खूण छापलेली असते: वीज इकडून आत, वायर इथून बाहेर. तिन्ही कडी एकाच दिशेने जोडली तर तिन्ही आकडे बेरजेत येतात. एक उलटं जोडलं गेलं तर त्याचा आकडा वजा होतो. एक अधिक एक, वजा एक. मीटर एक तृतीयांश दाखवतो, आणि फिरत राहतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

या धुलाई केंद्रात शहरातल्या सहा रुग्णालयांच्या चादरी, गाऊन आणि पडदे धुतले जातात. एकोणीस यंत्रं, दोन पाळ्या, रविवारचीही सुट्टी नाही. मागच्या महिन्यात वीज खात्याने या भागाच्या मुख्य वाहिनीवर नवा मीटर बसवला तेव्हा पाठवलेली वीज आणि मोजलेली वीज यांचा मेळ बसेना. शोधत शोधत बोट धुलाई केंद्रावर आलं. जुने आकडे काढले. चार वर्षांपूर्वी इथे पाणी तापवायला विजेऐवजी गॅसचा बॉयलर आला होता. त्यामुळे विजेचा वापर निम्म्यावर यायला हवा होता. तो सहाव्या हिश्शावर आला होता. घट अपेक्षितच होती, म्हणून किती घट हे कुणी मोजलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी भरारी पथक येऊन गेलं. वीजचोरीचा संशय, असं त्यांनी लिहिलं. व्यवस्थापकाने हात झटकले आणि केंद्राच्या वायरमनला चौकशी होईपर्यंत आत यायला बंदी केली. स्विच-खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची. त्याहून वाईट म्हणजे तो इथे कामाला लागला ती तारीख: ज्या महिन्यात आकडा पडला, त्याच महिन्याची एक. गुरुवारी सकाळी अकराला चौकशी होती. तिथे कारण सापडलं नाही तर प्रकरण पोलिसांकडे जाणार होतं.

सकाळी येताना तिने त्याला गेटवर पाहिलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा, सडपातळ, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला. आत जायची बंदी होती, पण यंत्रांना ते कुणी सांगितलं नव्हतं. इस्त्रीच्या रोलरवर काम करणारी बाई गेटच्या जाळीला नाक लावून उभी होती.

"काका, रोलर गरम होतोय पण फिरत नाहीये."

"आवाज कसला येतोय? गुणगुणल्यासारखा?"

"हं. तुमच्या घोरण्यासारखा."

"माझं घोरणं तू कुठे ऐकलंस गं? दोन नंबरच्या पेटीत मधला फ्यूज बघायला सांग. आणि आधी बंद करा म्हणावं, नाहीतर मोटर जाईल. मग आहेच, तीही मीच खाल्ली."

बाई पळाली. वायरमनने वळून तपासनीस बाईच्या खात्याच्या गाडीकडे पाहिलं.

"या. बघा एकदाचं," तो म्हणाला. "सील तुमचं, कुलूप तुमचं, पेटी तुमची. माझ्याकडे फक्त खोलीची किल्ली. चार वर्षांत त्या पेटीवरची धूळ पुसली, तेवढाच माझा संबंध. आणि चोर मी."

"अजून तसं कुणी ठरवलेलं नाही," ती म्हणाली.

"ठरवायला आलाय तुम्ही. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढं फक्त करू नका."

ती पिशवी खांद्याला लावून आत गेली.

नऊ-चाळीसला तिने सीलं तोडली. यंत्रं चालूच ठेवली होती. उलटं कडं लोडवरच, म्हणजे वीज वाहत असतानाच, पकडता येतं. पडताळणीच्या मीटरचे चिमटे तिने तिन्ही पट्ट्यांवर बसवले. दहा मिनिटांत पडताळणीच्या मीटरने तेरा युनिटं मोजली. भिंतीवरच्या मीटरने पावणेपाचही नाहीत.

मग तिने भिंतीवरच्या मीटरचं बटण दाबून एकेक फेजचा आकडा वाचला. ती म्हणायची, ड्रायव्हर तेच पुन्हा म्हणायचा आणि मग लिहायचा. ही पद्धत तिची, आणि ती चुकवलेली तिला खपत नाही.

"लाल, एक पूर्णांक सहा."

"लाल, एक पूर्णांक सहा."

"पिवळा, वजा एक पूर्णांक पाच."

"पिवळा, वजा..." ड्रायव्हरने मान वर केली. त्याच्या आवाजामुळे खात्यात त्याला भोंगा म्हणतात. तो कुजबुजला तरी शेजारच्या खोलीत ऐकू जातं. "म्हणजे मीटर चार वर्षं बोंबलतोय, पिवळा उलटा, पिवळा उलटा. आणि आपली माणसं दर महिन्याला येऊन खालचा आकडा उतरवून जातायत."

"लिही."

"लिहितोय. निळा?"

"निळा, एक पूर्णांक सहा."

पिवळं कडं उलटं होतं, इतकं सरळ होतं. पण टॉर्चच्या उजेडात तिने जे पाहिलं ते जुळत नव्हतं. तिन्ही कड्यांवरचे बाण एकाच दिशेला होते. वायरींवरचे नंबर कड्यांवरच्या खुणांशी जुळत होते, एकूण एक. छापील आकृती घेऊन ताडून पाहिलं तर जोडणीत खोट नव्हती. जोडणी बरोबर, सील शाबूत, आणि आकडा वजा.

साडेदहाला उपअभियंता आले. खात्यात त्यांना साहेब म्हणतात. ते तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत आणि तिच्याशी 'तुम्ही'ने बोलतात.

"जोडणी बरोबर आहे म्हणता, तर मग मीटरच्या पोटात काहीतरी केलंय. दुसरं काय असणार?"

"सीलं शाबूत आहेत, साहेब."

"सीलं बनवणारेही असतात."

"सतरा नंबर बनवायला सतरा नंबरची पक्कड लागते. ती माझ्या पिशवीत आहे."

साहेब हसले नाहीत. "गुरुवारी मला काहीतरी एक बोलावं लागेल, ताई."

"बारा-चाळीसला जेवणाची सुट्टी होते. पन्नास मिनिटं वीज बंद करून द्या. कडं काढून बघते."

यात एक नियम आहे, तो या कामातला पहिला नियम आणि शेवटचाही. पट्टीतून प्रवाह वाहत असताना कड्याची वायर मोकळी सोडायची नाही. मोकळी सुटली तर त्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात. कडं फुटतं, हात असेल तर हात जातो. म्हणून वीज बंद असली तरी ती आधी टेस्ट ब्लॉकवरच्या, म्हणजे मीटरखालच्या जोड-पेटीतल्या, छोट्या पट्ट्या ओढून वायरींची टोकं एकमेकांना जोडते, मग स्क्रूला हात लावते. कुणी "ताई, बंदच तर आहे," म्हटलं तर ती म्हणते, "बंद आहे हे तू म्हणतोयस, तांबं नाही."

बारा-सेहेचाळीसला पिवळं कडं तिच्या मांडीवर होतं. दीड किलोचं, राळेत ओतलेलं, काळं. पिशवीतून तिने काट्याचा जुना मीटर आणि दीड व्होल्टचा साधा सेल काढला. कड्यातून वायरचे दहा वेढे घेतले. ही तपासणी आता फारसं कुणी करत नाही. कडी कारखान्यातून प्रमाणपत्रासकट येतात. वेढ्यांना सेल क्षणभर टेकवायचा आणि काटा कुठे उडतो ते पाहायचं. उजवीकडे उडाला तर छापलेली खूण खरी.

काटा डावीकडे उडाला.

"पुन्हा," ती म्हणाली. ड्रायव्हरने सेल पुन्हा टेकवला. डावीकडे. सेल बदलला, वायर बदलली. डावीकडे.

"खूणच उलटी छापलीय!" ड्रायव्हरचा आवाज बाहेरच्या कपडे घडी करणाऱ्या बायकांपर्यंत गेला. "कारखान्याने उलटी छापली! म्हणजे कुणीच काही केलं नाही. सुटला बिचारा."

ती कड्याकडे बघत होती. जोडणीच्या स्क्रूशेजारी, राळेच्या खाचेत, पांढरं काहीतरी अडकलेलं होतं. तिने नखाने उकरलं. ऑइलपेंट. वरचा ठिपका कुणीतरी पुसून काढला होता. खाचेत गेलेला तेवढा राहिला होता.

कुणी पुसला हे तिला त्या क्षणी आठवलं. ड्रायव्हरला तिने फोटो काढायला सांगितलं, खाचेचाही. मग दोन वायरींची अदलाबदल करून कडं बसवलं, पट्ट्या पूर्ववत केल्या, एक-अठ्ठावीसला वीज सुरू करायला सांगितलं. दोनपर्यंत यंत्रं पूर्ण चालू झाली. पडताळणीचा मीटर तेरा, भिंतीवरचा तेरा. तिने नवं सील लावलं, सतरा नंबरचं.

गेटवर वायरमनने विचारलं, "काय निघालं?"

"गुरुवारी कळेल."

"तुम्हाला कळलंय. चेहऱ्यावर दिसतंय."

"हो," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

कार्यालयात फाइल सापडायला पाऊण तास गेला. चार वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्यातल्या अकरा तारखेचं पत्रक, तिच्या अक्षरात. जुना मीटर काढून नवा बसवला. शेरा: पिवळ्या फेजच्या वायरी खुणेच्या उलट आढळल्या, सरळ केल्या. त्याखाली तेव्हाच्या साहेबांनी लाल शाईने लिहिलं होतं: दक्षतेबद्दल शाबासकी. आणि सगळ्यात खालच्या रकान्यात, जिथे लोडवरच्या तपासणीचा आकडा लिहायचा, तिथे: केंद्र बंद, लोड नाही. नंतर.

त्या आठवड्यात बॉयलर बसवायचं काम चालू होतं म्हणून केंद्र बंद होतं. ती नंतर गेली नव्हती. पुढच्या आठवड्यात बावीस ठिकाणं होती, त्याच्या पुढच्या आठवड्यात एकोणीस. हे कारण तिने पुढेही कुणाला दिलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी कडी बसवली त्या दिवसाचं पत्रकही फाइलमध्ये होतं. खाली सही मास्तरांची, तिच्या आधीच्या तपासनीसांची.

साहेबांना तिने दोन्ही पत्रकं दाखवली. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे बघा ताई. कारखान्याने खूण उलटी छापली, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"फोटो आहेत, तपासणी आहे. तेवढंच लिहा. निर्मात्याचा दोष. तुम्ही सुटलात, मी सुटलो."

"आणि आकडा चार वर्षांपूर्वीच का पडला? कडं चौदा वर्षांचं आहे. दोष पहिल्या दिवसापासूनचा असेल, तर दहा वर्षं मीटर बरोबर कसा चालला? पथकवाले हेच विचारतील. आणि तारीख जुळते फक्त वायरमनशी."

"तारीख जुळवायची जबाबदारी तुम्हाला कुणी दिली?"

"त्या तारखेला पेटीत हात माझा होता, साहेब."

साहेबांनी पत्रक उलटं करून टेबलावर ठेवलं. "दोन वर्षं राहिलीत तुमची. एकट्याच्या सहीचा अधिकार गेला तर परत मिळत नाही, मी तरी पाहिलेलं नाही. उद्या दुपारपर्यंत अहवाल द्या. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही."

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय एकाहत्तर, दोन वर्षांपूर्वी डावी बाजू लुळी पडली. तिला हे काम त्यांनी शिकवलं, खात्याच्या तळघरातल्या तपासणीच्या टेबलावर, पंख्याशिवाय. पहिले सहा महिने त्यांनी तिला स्क्रू पिळण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. पहिल्यांदा तिने न विचारता एक वायर जोडली तेव्हा ते म्हणाले होते, "वा. आता तुझ्या सासरच्यांना कळव, विमा काढून ठेवा म्हणावं."

पावणेसहाला सुनेने दार उघडलं. "या हो ताई. सकाळपासून रुसलेत. व्यायाम करा म्हटलं तर म्हणतात, मी काय मोटर आहे का चालवून बघायला."

मास्तर खिडकीशी बसले होते. तिने सुरुवात त्यांच्या तब्येतीपासून केली, मग नातवाच्या शाळेवर आली. त्यांनी उजवा हात वर केला.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. काय झालं?"

तिने सांगितलं: धुलाई केंद्र, पिवळी फेज, चौदा वर्षांपूर्वीचं कडं. मास्तरांना ते लगेच आठवलं. टेबलावर सेल लावून पाहिला तेव्हा काटा डावीकडे उडाला होता. बदली कडं गोदामात नव्हतं, केंद्र दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. मग त्यांनी वायरी मुद्दाम उलट जोडल्या आणि कड्यावर पांढरा ठिपका दिला. तळघरातल्या टेबलावर पांढऱ्या ठिपक्याचा अर्थ एकच होता: छापील खूण बघू नका, मोजा.

"ठिपका दिसला नाही तुला?"

"दिसला होता. खोलीला रंग देणं चालू होतं त्या आठवड्यात. भिंती, पत्रे, पेटीचं झाकण, सगळीकडे पांढरे शिंतोडे. मी तोही शिंतोडाच समजले. स्पिरिटने पुसला."

"पुसलास."

"खूण नीट दिसावी म्हणून."

सून पाण्याचा पेला ठेवून गेली.

"लोडवर पाहिलं होतंस?"

"नाही."

"पाहिलं असतंस तर पाच मिनिटांत कळलं असतं."

"हो."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? सगळं तुला ठाऊक आहे."

ती म्हणाली, "तुमच्या पत्रकावर ठिपक्याचं काही लिहिलेलं नाही. वायरी उलट जोडल्या हेही नाही."

"नाही लिहिलं. लिहिलं असतं तर खराब कडं का बसवलं म्हणून विचारलं असतं वरून." त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "ती छापील खूणच खरवडून टाकायला हवी होती मी. ठिपका ठेवला. म्हणजे माझ्यानंतर येईल त्याने माझ्या टेबलावर शिकलेलं असावं, असं धरून चाललो. तू तर शिकलेलीच होतीस, तरी चुकलीस."

"हो."

"असं कर. माझं नाव लिही. मास्तराने उलटं जोडलं, नोंद केली नाही, म्हणून पुढच्याची फसगत झाली. खोटं नाही त्यात. मला आता कोण काय करणार? पेन्शन बंद करतील? केली तर सून एकदाची मोकळेपणाने भांडेल."

आतून सुनेचा आवाज आला, "मला ऐकू येतं हं सगळं."

"तुमचं लिहीन, जेवढं आहे तेवढं," तपासनीस बाई म्हणाली. "पुसलं ते माझं. आणि लोडवर न जाणं माझं."

"तुझी मर्जी," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला असलं काही घेऊन येऊ नकोस. बिस्किटं आण." ती उठली तेव्हा ते तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

तिचा नवरा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. घराची मागची खोली त्याची. तिथे जाड सुईचं यंत्र आहे आणि रेग्झिनचा वास कधी जात नाही. जेवणं आटोपल्यावर तिने ताटं उचलली, टेबल पुसलं आणि अहवालाचा कागद पुढे ओढला. सासूबाई समोर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या.

"ऑफिस घरी आणायचं नाही म्हणत होतीस ना?" नवरा म्हणाला.

"आज आणलंय."

तिने त्याला थोडक्यात सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. अर्धवट शिवलेल्या कव्हराचा दोरा त्याच्या बोटाला गुंडाळलेला होता.

"तुमच्याकडे चूक कबूल करायचा फॉर्म आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग कुठल्या रकान्यात लिहिणार?"

"कारण, या रकान्यात."

"तो केवढा असतो?"

"दोन ओळींचा."

"पुरेल?"

सासूबाईंनी शेंगांवरून नजर न काढता विचारलं, "त्या माणसाला पोरंबाळं आहेत का गं?"

"माहीत नाही, आई. विचारलं नाही."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "नसती तर काय सोडून देणार होतीस?"

तिने अहवाल लिहिला. कारणाचा रकाना दोन ओळींत मावला नाही. तिने पुरवणी जोडली. त्यात नऊ वाक्यं आहेत. पाचव्या वाक्यात तिचा हुद्दा आणि पक्कड-नंबर आहे, सहाव्यात ठिपका पुसल्याचं, सातव्यात लोडवर न गेल्याचं. मास्तरांचा उल्लेख तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात, नोंद केली नाही एवढाच. 'अनवधानाने' हा शब्द तिने एकदा लिहिला आणि खोडला.

बुधवारी साडेअकराला तिने अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी पुरवणी दोनदा वाचली आणि पोच म्हणून कोपऱ्यात सही केली.

गुरुवारची चौकशी पस्तीस मिनिटं चालली. पथकप्रमुखाने तिला तीन प्रश्न विचारले. आकडा चार वर्षांपूर्वीच का पडला, हा पहिला होता. तिने तारीख सांगितली. मग त्याने विचारलं, यात धुलाई केंद्राच्या कुणाही माणसाचा हात होता का. ती म्हणाली, नाही. तिसरा प्रश्न होता, तिच्या सहीने गेलेली आणखी किती पत्रकं लोडवरच्या तपासणीशिवाय पडून आहेत. तिने आदल्या दुपारीच फाइली काढून मोजली होती. सहा, ती म्हणाली, आणि यादी पुढे केली.

चोरीचा संशय मागे घेतल्याचं पत्र पावणेबाराला टाइप झालं. ती ते घेऊन स्वतः धुलाई केंद्रावर गेली, कारण टपालाने ते सोमवारी पोचलं असतं. व्यवस्थापकाने पत्र वाचलं, "चला, बरं झालं," म्हटलं आणि शिपायाला गेट उघडायला सांगितलं.

वायरमन आत आला, थेट स्विच-खोलीत गेला आणि दोन नंबरच्या पेटीचं झाकण उघडून त्याने फ्यूज पाहिले. त्याच्या सूचनेवरून कुणीतरी बसवलेला मधला फ्यूज वाकडा होता. तो त्याने काढून नीट बसवला. ती दारात उभी होती.

"पत्र वाचलं मी," तो पाठमोराच म्हणाला. "त्यात लिहिलंय, खात्याची तांत्रिक त्रुटी. त्रुटी म्हणजे कोण?"

"मी."

तो वळला.

"चार वर्षांपूर्वी त्या वायरी मी बदलल्या," ती म्हणाली. "बरोबर होत्या, त्या मी चुकीच्या केल्या. नंतर येऊन बघायचं होतं, आले नाही."

"तुम्ही लिहून दिलंत म्हणून मी आत आलो," वायरमन सावकाश म्हणाला. "पण पाच दिवस बाहेर होतो तो तुमच्यामुळेच."

"हो."

"पाच दिवस ह्या बायका माझ्याशी जाळीतून बोलत होत्या. तुरुंगात भेटायला आल्यासारख्या."

"हो."

आणखी काहीतरी त्याच्या तोंडापर्यंत आलं असावं. रोलरवरची बाई आत डोकावली. "काका, आलात? तीन नंबर पाणी सोडतच नाहीये. या लवकर, मग भांडा." तो टेस्टर खिशातून काढत तिच्यामागे गेला. जाताना खोलीचा दिवा त्याने चालू ठेवला, तिची पिशवी अजून आत होती म्हणून.

दुपारी साडेतीनला तिच्या हातात आदेश पडला, एक पान. एकट्याच्या सहीचा अधिकार आजपासून काढून घेतला आहे; फेरविचार एक वर्षाने. यादीतली सहा ठिकाणं पंधरा दिवसांत लोडवर तपासावीत. तिने पोच दिली. ड्रायव्हर दाराबाहेर उभा होता, आणि या वेळी मात्र त्याचा आवाज लहान होता.

"उद्या किती वाजता काढू गाडी, ताई?"

"सव्वासातला."

उद्या शुक्रवार. पहिलं काम यादीबाहेरचं: बर्फाचा कारखाना, नवी तीन कडी बसवायची, वीज बंद सात-चाळीस ते आठ-वीस. पत्रकावर तपासनीसांच्या दोन सह्या लागतील: पहिली तिची, दुसरी विभागात तिच्यानंतर अकरा वर्षांनी आलेल्या तपासनीसाची. त्याला सात-तीसला पाण्याच्या टाकीपाशी गाडीत घ्यायचं आहे.